तळ्याचा रंग कोणता?

मुलांनो, चित्रकलेच्या तासाला बाईंनी तळं काढायला सांगितलं, तर तुम्ही कोणत्या रंगाची डबी उघडाल? निळ्या! मग त्यात दोन कमळं, एक बदक आणि मागे डोंगरातून उगवणारा सूर्य. चित्र झकास होतं. पण कधीतरी खऱ्याखुऱ्या तळ्याच्या काठावर उभं राहून, रंगपेटी शेजारी ठेवून ते पाणी रंगवून बघा. निळी डबी बहुधा बंदच राहील. पावसाळ्यात चहासारखा तपकिरी लागेल, हिवाळ्यात काळपट हिरवा लागेल आणि एप्रिल-मेमध्ये कदाचित वाटाण्याच्या उसळीसारखा गडद हिरवा.

हा रंग उगीच बदलत नाही. आजारी माणसाची जीभ बघून डॉक्टर जसे पोटाचा अंदाज घेतात, तसा पाण्याचा रंग बघून तळ्याच्या तब्येतीचा अंदाज घेता येतो. हे काम करणारे शास्त्रज्ञ जगभर आहेत. थोडी शिस्त पाळली तर त्यातला पहिला धडा तुम्हीही गिरवू शकता. त्यासाठी लांब कुठे जायला नको. नवी मुंबईत राहत असाल तर तळं तुमच्या घरापासून फार तर दोन-तीन सेक्टर पलीकडे आहे!

सेक्टरांच्या आधीची गावं

नवी मुंबई म्हटलं की आपल्याला सरळ रस्ते, उंच इमारती आणि मोठाली रेल्वे स्टेशनं आठवतात. हे शहर वसवण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आगरी-कोळ्यांची गावं होती. वाशी, जुहू गाव, कोपरी, करावे, आग्रोळी, घणसोली, रबाळे, दिवा अशी. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचे डोंगर. मधल्या सखल पट्टीत भातशेती आणि मिठागरं.

आता विचार करा. समोर खाडीचं अथांग पाणी, पण एक घोट पिता येत नाही! मग माणसांनी प्यायचं काय, गुरांना पाजायचं काय? म्हणून गावागावांनी तळी आणि विहिरी राखल्या. डोंगरावरून आणि शेतातून वाहणारं पावसाचं पाणी तळ्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि जवळच्या विहिरींना पाझरायचं. तळ्याच्या काठी देऊळ, देवळापाशी वड नाहीतर पिंपळ. गावाचं सगळं जगणं त्या काठाशी बांधलेलं होतं.

इथल्या शेतकऱ्यांना खारं पाणी आणि गोडं पाणी वेगळं ठेवण्याची विद्या चांगलीच अवगत होती. ते खाडीच्या कडेने मातीचे बांध घालत आणि त्या बांधात 'उघाडी' ठेवत. उघाडी म्हणजे झडप असलेलं दार. भरती आली की दार बंद, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की दार उघडं, म्हणजे शेतातलं जादा पावसाचं पाणी बाहेर. पुढे शहर वसवताना सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर 'धारण तलाव' बांधले. भरतीच्या वेळी त्यांची दारं मिटतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. युक्ती तीच, फक्त आकार मोठा!

म्हणजे नवी मुंबईत निरनिराळी तळी आहेत. गावांची गोड्या पाण्याची तळी, पुरापासून वाचवणारे धारण तलाव आणि नेरुळच्या डीपीएस तलावासारखी खाडीच्या पाण्यावर जगणारी तळी. डीपीएस तलावात दरवर्षी रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो उतरतात. २०२४ मध्ये भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग अडले आणि हे तळं कोरडं पडत गेलं. पक्ष्यांचे हाल झाले, नागरिकांनी आवाज उठवला आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने ते संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय घेतला. फ्लेमिंगो गुलाबी, उंच, देखणे. त्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात. पण गावातल्या साध्या तळ्याकडे कोण बघणार? आज आपण त्याच तळ्याकडे बघायचं आहे.

एक हेक्टरचं गणित

आधी एक सोपं गणित करू. समजा, तुमच्या गावातलं तळं एक हेक्टरचं आहे, म्हणजे १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद. खोली सरासरी २ मीटर. मग त्यात पाणी किती? १०० गुणिले १०० गुणिले २, म्हणजे २०,००० घनमीटर. एका घनमीटरमध्ये १,००० लिटर. म्हणजे झालं २ कोटी लिटर!

आता या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच मीटर पाऊस पडतो असं धरा. नुसत्या तळ्याच्या पृष्ठभागावर पडणारा पाऊसच अडीच कोटी लिटर होतो. म्हणजे ते तळं भरायला खरं तर आभाळ पुरेसं आहे. मग आजूबाजूच्या रस्त्यांवरून, गटारांतून, वाहनं धुण्याच्या जागेवरून येणारं पाणी तळ्यात कशाला हवं? हा प्रश्न ध्यानात ठेवा. तो पुढे कामाला येणार आहे.

तळ्यांचे पहिले डॉक्टर

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाचं प्रचंड सरोवर आहे. त्याच्या काठावरच्या मोर्ज या गावात १८४१ मध्ये फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल यांचा जन्म झाला. त्यांनी आयुष्यभर एकाच सरोवराचा अभ्यास केला. पाणी किती खोल, किती गार, त्यात लाटा कशा उठतात, तळाशी गाळात कोण राहतं, हे सगळं. या अभ्यासाचे त्यांनी तीन जाडजूड खंड लिहिले. पहिला निघाला १८९२ मध्ये आणि तिसरा १९०४ मध्ये. 'लिम्ने' म्हणजे ग्रीक भाषेत तळं. त्यावरून तळ्यांच्या शास्त्राला त्यांनी नाव दिलं 'लिम्नॉलॉजी'. एकाच तळ्याकडे चिकाटीने, वर्षानुवर्षं बघत राहिलं तर एक अख्खं शास्त्र उभं राहतं, बघा!

दुसरे गृहस्थ इटलीचे. अँजेलो सेक्की हे धर्मगुरू होते आणि नावाजलेले खगोलशास्त्रज्ञही. १८६५ मध्ये त्यांनी जहाजावरून एक थाळी दोरीने समुद्रात सोडली आणि ती किती खोलीपर्यंत दिसते ते मोजलं. थाळी दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पाण्याच्या नितळपणाचं माप. झालं! ना वीज, ना बॅटरी. आजही तळ्यांचे संशोधक होडीत बसतात तेव्हा जवळ 'सेक्कीची थाळी' असतेच. २० सेंटिमीटर रुंद, तिचे चार भाग केलेले, दोन काळे आणि दोन पांढरे.

पण पाणी नितळ असलं काय आणि नसलं काय, फरक काय पडतो? फरक पडतो. कारण जिथपर्यंत उजेड पोचतो, तिथपर्यंतच पाण्याखालच्या वनस्पती जगतात. त्या वनस्पतींत मासे अंडी घालतात, चतुराच्या अळ्या लपतात. उजेड गेला की ही सगळी वस्ती उठते.

तळ्याच्या मधोमध पडदा!

आता पाणी हिरवं का होतं? त्याचा शोध कसा लागला, ती गोष्ट एखाद्या रहस्यकथेसारखी आहे.

१९६० च्या दशकात युरोप-अमेरिकेतली मोठमोठी सरोवरं हिरवी, घाणेरड्या वासाची होऊ लागली होती. शेवाळ माजत होतं. शेवाळाला वाढायला कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस असा खुराक लागतो. मग यातला नेमका कोणता खुराक जास्त झाला? शास्त्रज्ञांत वाद पेटला. फॉस्फरस कपडे धुण्याच्या पावडरीतही असायचा, त्यामुळे साबणवाल्या कंपन्यांचंही या वादाकडे बारीक लक्ष होतं.

कॅनडाने १९६८ मध्ये ओंटारिओच्या जंगलातली काही डझन छोटी तळी फक्त प्रयोगांसाठी राखून ठेवली. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथलं 'तळं क्रमांक २२६' निवडलं. हे तळं मधे कमरेत आवळल्यासारखं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. त्या अरुंद जागी त्यांनी नायलॉनचा भक्कम पडदा लावला आणि तळ्याचे दोन भाग केले. एका भागात घातला कार्बन आणि नायट्रोजन. दुसऱ्या भागात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. बाकी सगळं सारखं. तोच पाऊस, तेच ऊन.

१९७३ मध्ये विमानातून फोटो काढला गेला. पडद्याच्या एका बाजूला पाणी होतं तसं काळंभोर, स्वच्छ. दुसऱ्या बाजूला, जिथे फॉस्फरस होता तिथे, हिरवंगार! वाद घालायला फारशी जागाच उरली नाही. त्या दशकातच कॅनडाने साबणातल्या फॉस्फेटवर मर्यादा घातल्या आणि पुढे इतर देशांनीही.

हा प्रयोग का भारी आहे, सांगा बघू? कारण त्यात तुलना आहे. 'तळं हिरवं झालं' एवढं म्हणून भागत नाही. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि मग बघायचं. विज्ञान म्हणतात ते यालाच.

आपल्या तळ्यात फॉस्फरस कुठून येतो? सांडपाण्यातून, कपडे धुण्याच्या काही पावडरींतून, खतांतून, शेणामुतातून, कुजणाऱ्या निर्माल्यातून आणि हो, माशांना पुण्य म्हणून टाकलेल्या पाव-बिस्किटांतूनही! ढोबळमानाने एक किलो फॉस्फरसवर काहीशे किलो ओलं शेवाळ वाढू शकतं. थोडक्यात काय, तळं हिरवं दिसलं तर समजायचं, त्याला उपाशी नाही, अजीर्ण झालंय.

मासे पहाटेच का मरतात?

कधीतरी पेपरात बातमी येते, 'तलावात मृत माशांचा खच'. लोक म्हणतात, कोणीतरी विष टाकलं असणार. कधी तसं होतही असेल. पण पुष्कळदा विष कोणीच टाकलेलं नसतं.

आपण श्वास घेतो त्या एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त मावतो साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे मासा बिचारा आपल्या मानाने पस्तीस पट गरीब हवेत जगत असतो! शिवाय पाणी जितकं तापेल तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. म्हणून उन्हाळा वाईट.

आता शेवाळ दिवसा काय करतं? उन्हात अन्न तयार करतं आणि ऑक्सिजन सोडतं. दुपारी हिरव्या तळ्यात ऑक्सिजन भरपूर. पण सूर्य मावळला की दुकान बंद. रात्रभर शेवाळही श्वास घेतं, मासेही घेतात आणि तळाशी कुजणारी घाण फस्त करणारे जिवाणूही घेतात. साठा संपत जातो. सगळ्यात कमी ऑक्सिजन कधी? सूर्य उगवायच्या जरा आधी. पाण्यातला ऑक्सिजन लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे कासावीस होतात, वर येऊन तोंडं उघडून मिटून धापा टाकतात. त्यातच आदल्या दिवशी आभाळ भरून आलेलं असेल तर दुपारची कमाईही झालेली नसते. मग पहाटे मासे उलटे होऊन तरंगतात.

मरळीसारखे काही मासे मात्र पाण्यावर येऊन चक्क हवा घेऊ शकतात. आफ्रिकेतून आलेली चिलापीही पुष्कळ हाल सोसते. चिलापीला पुस्तकात तिलापिया म्हणतात. ती १९५२ मध्ये भारतात आणली गेली. म्हणून तळ्यात मासे दिसतात एवढ्यावरून तळं ठणठणीत आहे असं समजू नका. कोणते मासे दिसतात ते विचारा. मोजक्याच काटक जाती उरल्या असतील, तर ते चांगलं लक्षण नाही.

दोन शेजारी, दोन कहाण्या

खाडी ओलांडून मुंबईत जा. तिथे विहार आणि पवई ही दोन तळी अगदी शेजारी शेजारी आहेत. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला. पवई तलाव १८९१ चा. दोन्ही माणसांनी बांधलेले, दोन्ही पिण्याच्या पाण्यासाठी. आज विहारचं पाणी मुंबईकर पितात. पवईचं पीत नाहीत. तिथे जलपर्णी काढायचं काम वर्षानुवर्षं चालूच असतं.

असं का? पाऊस तर दोघांवर सारखाच! फरक आहे तो आजूबाजूच्या जमिनीचा. विहारच्या भोवती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथलं पाणी झाडांच्या मुळांतून, पालापाचोळ्यातून गाळून येतं. पवईच्या भोवती शहर वाढलं. जिथलं पाणी वाहत येऊन तळ्यात पडतं, त्या सगळ्या जमिनीला पाणलोट म्हणतात. तळं म्हणजे काठाच्या आतलं पाणी एवढंच नाही. तळं म्हणजे त्याचा पाणलोट. घर स्वच्छ ठेवायचं तर नुसतं बैठकीची खोली झाडून कसं चालेल?

नवी मुंबईकरांच्या नळाला पाणी येतं ते खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाच्या जलाशयातून. धावरी नदीवरचं हे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे. जुहू गावच्या तळ्याचं जे होतं, ते मोरब्याचं होऊ नये असं वाटत असेल, तर दोन्हीचा नियम एकच आहे: वरची जमीन सांभाळा.

बाप्पा आणि तळं

आता जरा नाजूक विषय. गणपती आपले सगळ्यांचे लाडके. गावच्या तळ्यात विसर्जन करायची प्रथा जुनी. पूर्वी गावात चार-दोन मूर्ती असत, त्याही मातीच्या. आता एकेका तळ्यात शेकडो मूर्ती येतात. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात चटकन विरघळत नाही, महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. काही रंगांत शिसं, पारा यांसारखे घातक धातू असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाविषयी २०१० मध्ये सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या आणखी कडक केल्या.

नवी मुंबई महापालिकेने मुख्य तलावांत विसर्जनासाठी वेगळा भाग आखून घेतला आहे. मधे दगड भरलेल्या जाळीच्या पेटाऱ्यांची भिंत असते. तिला गॅबियन भिंत म्हणतात. माती आणि मूर्तींचे तुकडे एका बाजूला राहतात आणि बाकीचं तळं गाळापासून वाचतं. २०२० पासून तर शहरात शंभराहून अधिक कृत्रिम तलाव विसर्जनासाठी करण्यात येऊ लागले.

पण तुमच्यापैकी एखादी चौकस मुलगी विचारेल, "दगडांच्या फटींतून पाणी तर जातंच ना? मग त्या पाण्यात विरघळलेलं तेही जाणार!" शाब्बास! बरोबर आहे. भिंत गाळ अडवते, विरघळलेला पदार्थ अडवत नाही. म्हणून मूर्ती शाडूची असणं चांगलं, छोटी असणं त्याहून चांगलं आणि घरच्या बादलीत किंवा कृत्रिम तलावात विसर्जन करणं सगळ्यात चांगलं. शाडूसुद्धा शेवटी मातीच. शेकडो मूर्तींची माती साठली की तळं उथळ होणारच. बादलीतली माती मात्र कुंडीत घालता येते, नाहीतर पुढच्या वर्षीच्या मूर्तीला वापरता येते.

घरात प्लास्टरची मूर्ती आलीच असेल तर? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ती विरघळवायची रीत दाखवली आहे. उरलेलं पाणी झाडांना खत म्हणून चालतं. पण लक्षात ठेवा, ते खत आहे! तळ्यात ओतलं तर काय होईल, ते तुम्हाला आता सांगायला नको.

आणि आजी म्हणाली, "अरे, नदी-तळ्यात विसर्जन करायची रीत आहे," तर तिच्याशी भांडू नका. तिला विचारा, तिच्या लहानपणी गावात गणपती किती असायचे आणि तळ्याचं पाणी कसं होतं. तिच्या उत्तरातच अर्धं काम होईल.

अर्धं तळं झाकलं... आता किती दिवस?

एक कोडं घ्या. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांसाठी माणसांनी ती जगभर नेली. खुराक भरपूर मिळाला तर ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. आपल्या एक हेक्टरच्या, म्हणजे १०,००० चौरस मीटरच्या तळ्यात आज एक चौरस मीटर जलपर्णी आहे. तळं कधी झाकेल?

बारा आठवड्यांनी होते ६४ चौरस मीटर. एवढ्याशा हिरव्या ठिपक्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. चोविसाव्या आठवड्यात ४,०९६. अजून अर्ध्याहून जास्त तळं मोकळंच! लोक म्हणतात, "बघू पुढच्या महिन्यात." आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात तळं गुडुप! उजेड नाही, हवा नाही, खाली सगळा काळोख. सहा महिने मिळाले होते, पण जाग आली शेवटच्या चार आठवड्यांत. ६४ चौरस मीटर असतानाच दहा माणसांनी एका सकाळी ती उपटली असती! म्हणून तळ्याकडे रोज नाही, पण नेमाने बघणारं कोणीतरी हवं असतं.

तळ्याची वही

हे कोणीतरी म्हणजे तुम्ही.

तुमच्या पुस्तकात पर्यावरण हा विषय कसा आला, माहीत आहे? महेशचंद्र मेहता या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. १९९१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हा विषय देशातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना शिकवलाच पाहिजे. २००३ मध्ये पुन्हा आदेश देऊन अभ्यासक्रम पक्का करायला लावला. विषय आला, धडा आला, गाळलेल्या जागाही आल्या! पण तळं पुस्तकात नसतं, गावात असतं. तेव्हा एक दोनशे पानी वही घ्या आणि वरती तळ्याचं नाव लिहा.

दर पंधरा दिवसांनी, शक्यतो एकाच वारी, एकाच वेळी जा. एकटं कधीच जायचं नाही. आई, बाबा, ताई, शिक्षक, कोणीतरी मोठं माणूस बरोबर हवंच. घाटाच्या पायऱ्यांवरून वाकायचं नाही, शेवाळलेल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही. हाताला जखम असेल तर पाण्याला हात लावायचा नाही आणि घरी आल्यावर साबणाने हात धुवायचे. मग वहीत हे लिहा:

१. तारीख, वेळ, हवा. काल पाऊस होता की ऊन?

२. पाण्याचा रंग. नुसतं 'हिरवा' नको. रंगपेटीतल्या रंगाने वहीत छोटा चौकोन रंगवा. वर्षाच्या शेवटी चोवीस चौकोनांची एक पट्टी तयार होईल.

३. नितळपणा. जुन्या डब्याचं वीसेक सेंटिमीटरचं झाकण घ्या, काळे-पांढरे चार भाग रंगवा, खाली वजन आणि वर दोरी बांधा. दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ. काम मोठ्या माणसाच्या हातून करून घ्या, गाठी तुम्ही मोजा.

४. वास. कुजका, मातकट की काहीच नाही?

५. पक्षी. खंड्या, ढोकरी, पाणकावळा, टिबुकली, वारकरी. कोण किती, काय करत होते? टिबुकली बुडी मारून किती सेकंदांनी वर येते तेही मोजा, मजा येते.

६. काठावरचे चतुर. चतुराच्या अळ्या पाण्यात राहतात. काठाला गवत आणि पाणवनस्पती असतील तर चतुर असतात. काठ सगळीकडून सिमेंटचा केला की चतुर आणि बेडूक कमी होतात आणि डासांच्या अळ्या खाणारं कोणी उरत नाही.

७. तळ्यात पाणी कुठून कुठून येतं? नकाशा काढा. एखाद्या पाइपातून उन्हाळ्यातही पाणी पडत असेल, तर ते पावसाचं नक्कीच नाही! तो पाइप नकाशावर लाल पेन्सिलने काढा.

दोन गोष्टी मात्र करू नका. घरचे फिशटँकमधले मासे किंवा कासव 'मुक्त' म्हणून तळ्यात सोडू नका. परक्या जाती तिथल्या जिवांच्या मुळावर येतात. आणि माशांना पाव टाकू नका. का, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आई-बाबांसाठी चार ओळी

ही वही मार्कांसाठी नाही, त्यामुळे ती कदाचित चौथ्या आठवड्यातच कपाटात जाईल. ती तिथे जाऊ नये, एवढं तुम्ही पाहा. रविवारी सकाळी अर्धा तास मुलांबरोबर काठावर जा. कपड्यांची पावडर मोजून वापरा, निर्माल्य कलशातच टाका. लाल पेन्सिलीचा तो पाइप दिसला, तर महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज द्या आणि अर्जाला मुलांच्या वहीतल्या नोंदींची प्रत जोडा. 'तलाव घाण झाला आहे' या तक्रारीपेक्षा 'मार्चमध्ये थाळी सात गाठींपर्यंत दिसत होती, मेमध्ये दोनच गाठी' ही नोंद जास्त वजनदार असते. तिला उत्तर द्यावं लागतं.

दरवर्षी २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो. १९७१ मध्ये त्या दिवशी इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा वाचवण्याचा करार झाला होता. महाराष्ट्रातल्या तीन जागा त्या यादीत आहेत. नांदूर मध्यमेश्वर २०१९ मध्ये आली, लोणार २०२० मध्ये, आणि आपली ठाण्याची खाडी २०२२ मध्ये. तुमच्या गावचं तळं त्या यादीत येणार नाही, ते फार छोटं आहे. पण त्या दिवशी तुमच्या वर्गाच्या भिंतीवर एक यादी लावता येईल: गावातली तळी, प्रत्येकाच्या पुढे त्याच्या रंगांची पट्टी आणि खाली ती राखणाऱ्या मुलांची नावं.

पट्टी पहिल्या वर्षी बहुधा हिरवीच असेल. नाउमेद होऊ नका. फोरेल यांनी एका सरोवराला सारं आयुष्य दिलं होतं. तुमच्या हातात पुढच्या पंधरवड्याचा चौकोन आहे. तो रिकामा ठेवू नका, म्हणजे झालं!